दोन नावांचे भाकीत

२००७ सालच्या दिवाळीत मी एका वहीत दोन नावे लिहून ठेवली होती. हिलरी क्लिंटन आणि रूडी जुलियानी. नुकताच एम.एस्सी. झालो होतो आणि आकडेमोडीवर फाजील विश्वास होता. अमेरिकेच्या २००८ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन पक्षांचे उमेदवार हेच असणार, अशी मी मित्रांशी पैज लावली. त्या वेळच्या देशव्यापी जनमत चाचण्यांत दोघेही आपापल्या पक्षात आघाडीवर होते. प्रत्यक्षात उमेदवारी मिळाली ती बराक ओबामा आणि जॉन मॅकेन यांना. आठवडाभर सर्वांच्या चहाचे पैसे मी भरले.

माझे चुकले कोठे? चाचण्या खोट्या नव्हत्या. पण तापमापक आजचे तापमान सांगतो, महिन्यानंतरचे नव्हे, हे मी विसरलो होतो.

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार मुख्यतः प्राथमिक निवडणुकांतून ठरतो. या निवडणुका सर्व राज्यांत एकाच दिवशी होत नाहीत. वर्षाच्या आरंभापासून जूनपर्यंत त्या एकापाठोपाठ चालतात. नाणे वर उडवले, तर आधी छाप पडला की काटा, याची त्या नाण्याला आठवण नसते. प्राथमिक निवडणुकांना मात्र आठवण असते. ३ जानेवारी २००८ रोजी आयोवा या लहानशा राज्यात ओबामा जिंकले, आणि पुढच्या राज्यांतील मतदार त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. जुलियानी यांनी आरंभीच्या राज्यांकडे फारसे लक्ष न देता फ्लोरिडावर भिस्त ठेवली होती. जानेवारीच्या अखेरीस फ्लोरिडा येईपर्यंत त्यांचे पाठीराखे पांगले होते. तेथे हरताच दुसऱ्या दिवशी त्यांनी माघार घेतली.

तरीही येथे निदान मोजायला काहीतरी असते. लाखो मतदार असतात, आणि जसजसे निकाल येतात तसतसा अंदाज सुधारता येतो. उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराचे, म्हणजे अध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या जोडीदाराचे, तसे नाही. पूर्वी हा जोडीदार पक्षाचे अधिवेशन ठरवीत असे. १९५६ साली अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी ही निवड मुद्दाम अधिवेशनावर सोपवली, तेव्हा एस्टेस केफॉव्हर यांनी जॉन केनेडी यांना हरवले. आता मात्र उमेदवार स्वतःच जोडीदार निवडतो आणि अधिवेशन मान डोलावते. म्हणजे निवड एका माणसाच्या मनात होते.

पदार्थविज्ञानातील एक उदाहरण घेऊ. आयोडीन-१३१ या किरणोत्सर्गी पदार्थाचे अर्धायुष्य सुमारे ८ दिवस आहे. त्याच्या एका कणात अब्जावधी अणू असतात. ८ दिवसांत त्यांपैकी निम्मे विघटन पावतील, हे आपण खात्रीने सांगतो. पण त्यातला एकच अणू समोर ठेवून ‘हा केव्हा फुटेल?’ असे कोणी विचारले, तर आपण केवळ संभाव्यता सांगू शकतो. मतदारांचा समुदाय हा त्या कणासारखा, आणि जोडीदाराची निवड ही एका अणूसारखी. (उपमा फार ताणू नका. अणूला मन नसते. उमेदवाराला असते, आणि तो ते मुद्दाम झाकून ठेवतो!)

त्यामुळे या बाबतीत भल्याभल्यांची फजिती होते. ६ जुलै २००४ रोजी ‘न्यूयॉर्क पोस्ट’ या दैनिकाने पहिल्या पानावर छापले की जॉन केरी यांनी रिचर्ड गेपहार्ट यांना निवडले. केरींनी त्याच दिवशी जॉन एडवर्ड्स यांचे नाव जाहीर केले. २००० साली जॉर्ज बुश यांच्यासाठी जोडीदार शोधण्याचे काम डिक चेनी यांच्याकडे होते. शेवटी निवड झाली ती खुद्द चेनींचीच. गंमत म्हणजे दोघेही टेक्सासचे रहिवासी होते, आणि एखाद्या राज्याच्या निर्वाचकांना दोन्ही मते आपल्याच राज्याच्या व्यक्तींना देता येत नाहीत, असे अमेरिकेची घटना सांगते. म्हणून चेनींनी मतदार म्हणून आपली नोंद तातडीने वायोमिंग राज्यात हलवली.

आता थोडे गणित. समजा, अमुक व्यक्ती उमेदवार होईल याची संभाव्यता तुमच्या मते ०.६ आहे. ती झालीच, तर तमुक व्यक्ती जोडीदार होईल याची संभाव्यता ०.२५ धरा. जोडी बरोबर येण्याची संभाव्यता ०.६ × ०.२५ = ०.१५. दोन्ही पक्षांच्या जोड्या एकदम ओळखायच्या, आणि एकीचा दुसरीवर परिणाम नाही असे मानले, तर ०.१५ × ०.१५ = ०.०२२५. शंभरात जेमतेम दोन! चारही नावे छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे या दृष्टीने पाहा.

यात ‘ती झालीच, तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. जोडीदार अनेकदा पराभूत प्रतिस्पर्ध्यांतून येतो. १९८० साली रेगन यांनी थोरल्या बुश यांना, २००८ साली ओबामांनी बायडेन यांना आणि २०२० साली बायडेन यांनी कमला हॅरिस यांना असेच घेतले. म्हणून जोडीदाराची संभाव्यता उमेदवार कोण यावर अवलंबून असते. ती आधीच सुटी काढून ठेवता येत नाही.

मग भाकीत चांगले की वाईट, हे कसे ठरवायचे? ग्लेन ब्रायर या हवामानशास्त्रज्ञाने १९५० साली हवामानाच्या अंदाजांसाठी एक युक्ती सुचवली. तिचे सोपे रूप असे: घटना घडली तर १, न घडली तर ०. या संख्येतून तुम्ही सांगितलेली संभाव्यता वजा करा आणि वर्ग करा. हा तुमचा दंड. ०.९ सांगितले आणि घडले, तर दंड ०.०१, न घडले, तर ०.८१. ०.६ सांगणाऱ्याचा दंड अनुक्रमे ०.१६ आणि ०.३६. मी २००७ साली दोन्ही नावे १ या संभाव्यतेने सांगितली होती. माझा दंड प्रत्येकी पूर्ण १!

एका भाकितावरून मात्र कोणाला मूर्ख ठरवू नये. अनेक भाकितांच्या दंडाची सरासरी घ्यावी लागते. २०१५ सालच्या ऑगस्टमध्ये नेट सिल्व्हर या नामांकित भाकीतकाराने डोनाल्ड ट्रम्प यांना रिपब्लिकन उमेदवारी मिळण्याची शक्यता सुमारे २ टक्के सांगितली होती. २०१६ साली ट्रम्प उमेदवार झाले, तेव्हा त्यांनी जाहीर कबुली दिली की तो आकडा गणिती प्रतिमानातून आलेला नव्हता, स्वतःच्या अटकळीचा होता. मला ही कबुली त्यांच्या बरोबर ठरलेल्या भाकितांहून मोलाची वाटते. आकडा दिसला की मागे गणित असेलच, असे आपण धरून चालतो.

आणि सारे काही नीट मोजले तरी? २०२४ साली बायडेन यांनी प्राथमिक निवडणुका सहज जिंकल्या होत्या. २१ जुलै रोजी त्यांनी माघार घेतली. उमेदवार झाल्या हॅरिस, आणि ६ ऑगस्टला त्यांनी टिम वॉल्झ यांना जोडीदार म्हणून निवडले.

पुढची निवडणूक २०२८ सालची आहे. वर्गात एक वही ठेवा. प्रत्येकाने नाव, संभाव्यता आणि तारीख शाईने लिहावी. मागाहून खाडाखोड नको. अध्यक्षपदासाठी वय किमान ३५ वर्षे हवे, जन्माने नागरिकत्व हवे, आणि कोणीही दोनदाच निवडून येऊ शकतो. म्हणजे ट्रम्प यांचे नाव आधीच वगळा. दर सहा महिन्यांनी नवे आकडे जुन्यांच्या खाली लिहा. निकालानंतर दंड काढताना पहिल्या ओळीचा आणि शेवटच्या ओळीचा वेगवेगळा काढा. माझ्या वहीत या खेपेस अजून तरी ०.३ च्या वर एकही आकडा नाही.