बिनशाळेचा काफिला

इंग्लंडात शाळेचे सत्र चालू असताना मुलाला घेऊन स्पेनच्या किनाऱ्यावर आठवडाभर ऊन खाऊन येणाऱ्या बापाच्या हाती, परत आल्यावर, स्थानिक शिक्षणखात्याची दंडाची नोटीस पडण्याचा संभव असतो. २०२४ च्या ऑगस्टपासून ही रक्कम दर मुलामागे आणि दर पालकामागे ८० पौंड झाली असून, एकवीस दिवसांच्या मुदतीत ती भरली नाही तर दुप्पट होते. तरीही कित्येक आईबाप कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडतात आणि दंड मुकाट्याने भरतात, कारण सुट्टीच्या हंगामातले विमानभाडे आणि बिगरहंगामातले विमानभाडे यांतली तफावत त्या दंडाहून पुष्कळ मोठी असते. शाळा ही संस्था केवळ मुलाचे दिवस आपल्या ताब्यात घेते असे आपण समजतो. वस्तुतः ती सबंध घराचे पंचांग ताब्यात घेते, आणि लग्नकार्यापासून तीर्थयात्रेपर्यंत घरातली प्रत्येक गोष्ट वार्षिक परीक्षेच्या अलीकडे की पलीकडे, एवढ्या एका प्रश्नाशी येऊन थांबते. ज्या कुटुंबांनी आपल्या मुलांची नावे कोणत्याही शाळेच्या पटावर घातलेलीच नाहीत त्यांना हे पंचांग लागू नाही, आणि म्हणूनच सप्टेंबरच्या अखेरीस, उन्हाळी गर्दी ओसरल्यावर, रोमच्या किंवा अथेन्सच्या गल्ल्यांतून आठ-दहा मोठी माणसे आणि डझनभर मुले असा एखादा काफिला, कसलीही घाई नसल्यासारखा, हिंडताना आढळतो.

गृहशिक्षण ही नुसती लहर नव्हे, तिच्यामागे विचार आहे, आणि त्या विचाराला अर्वाचीन रूप प्रामुख्याने अमेरिकेत आले. जॉन होल्ट या शिक्षकाने १९६४ साली मुले अपयशी का होतात याची मीमांसा करणारे पुस्तक लिहिले, त्यानंतर काही वर्षे शाळा सुधारतील अशी आशा बाळगली, आणि ती सुटल्यावर १९७७ पासून शाळेविना वाढणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी एक नियतकालिक चालविले. १९९३ पर्यंत तेथील पन्नासही राज्यांत घरी शिकविणे कायदेशीर ठरले, आणि २०१६ च्या सरकारी पाहणीत अशा मुलांची संख्या सुमारे १७ लाख भरली. युरोपात मात्र ज्याचा त्याचा कायदा वेगळा. इटलीत पालकांनी दरवर्षी लेखी कळवावे आणि मुलाने वर्षअखेरीस परीक्षा द्यावी, एवढ्यावर भागते. फ्रान्समध्ये २०२२ पासून नुसते कळवून चालत नाही, आगाऊ परवानगी लागते. जर्मनीत तर मुलाला शाळेत न घालणे हाच अपराध असून, तेथील पालकांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत नेलेली गाऱ्हाणी २००६ आणि २०१९ अशी दोनदा फेटाळली गेली. हे निर्बंध त्या त्या देशाच्या रहिवाशांपुरते आहेत, प्रवाशांना त्यांची बाधा नाही. परंतु गृहशिक्षित मुलांच्या अशा मेळाव्यात अमेरिकन आणि ब्रिटिश कुटुंबे पुष्कळ आणि जर्मन कुटुंब विरळा, याचे कारण त्यांत सापडते.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरच्या शिक्षणाचा उल्लेख नाही आणि मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला शिक्षा सांगणारे कलमही नाही; या दोन मौनांच्या मधल्या जागेत पुण्यामुंबईची काही कुटुंबे वावरत आहेत. मुले मोठी झाली म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा देतात किंवा राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसतात. तोवर त्यांच्याजवळ शाळेचा कागद म्हणून काही नसते, आणि परदेशी जाण्याचा प्रश्न आला की पहिली अडचण तीच उभी राहते. व्हिसासाठी मुलाचे दस्तऐवज जमवताना शाळेचा बोनाफाईड दाखला आणि मुख्याध्यापकांचे रजेचे पत्र बहुधा मागितले जाते. रजा कोणाची, आणि ती द्यायची कोणी? आई हीच वर्गशिक्षिका, बाप हाच मुख्याध्यापक, आणि अर्जदारही तेच. अनुभवी कुटुंबे अशा वेळी मुलगा घरी शिकतो असे सरळ लिहिलेले प्रतिज्ञापत्र, मुक्त विद्यालयात नोंदणी झाली असल्यास तिची प्रत, आणि परतीच्या तिकिटाचा पुरावा जोडतात. गोलमाल लिहिण्यापेक्षा हे स्पष्ट लिहिणे शहाणपणाचे. एकट्या आईबरोबर किंवा बापाबरोबर निघालेल्या मुलासाठी दुसऱ्या पालकाचे नोटरीपुढे सही केलेले संमतिपत्र असावे, आणि काफिल्यातल्या एखाद्या कुटुंबाने भाच्याला किंवा शेजारच्या मुलाला बरोबर घेतले असेल तर त्याच्या दोन्ही पालकांचे असावे. अज्ञान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, तो ऐन वेळी मुदत संपत आलेला सापडतो. शेंगेन व्हिसाचे शुल्क २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो, आणि सहाच्या आतल्यांना माफ आहे. १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा मात्र तान्ह्या मुलालाही लागू. आफ्रिकेतल्या केनियासारख्या देशात जायचे तर पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते आणि नऊ महिन्यांखालील बालकाला ती सामान्यतः देत नाहीत, सबब ज्यांच्या घरी पाळणा आहे त्यांनी तो बेत पुढे ढकललेला बरा.

इतका खटाटोप करून जायचेच तर आपापले न जाता मेळाव्याने का जायचे, असे कोणी विचारील. घरी शिकणाऱ्या मुलाला एका गोष्टीची ददात असते, ती समवयस्कांची. आणि तीन आठवडे केवळ जन्मदात्यांच्या सहवासात काढावे लागले तर मुलांना आईबापांचा आणि आईबापांना मुलांचा वीट येतो, हे कितीही सुसंस्कृत घरात खरे आहे. शाळांच्या परदेशी सहली काढणाऱ्या कंपन्या ठराविक विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक फुकट नेतात, परंतु त्यांच्या कल्पनेतला पालक स्टेशनवर निरोप देऊन घरी परतलेला असतो. कौटुंबिक सहली काढणाऱ्या कंपन्या पालकाला नेतात, परंतु बारा दिवसांत नऊ शहरे दाखविल्याखेरीज त्यांना चैन पडत नाही. घरशिक्षणाच्या कुटुंबाला यांपैकी काहीच नको असते. त्याला एका गावी आठवडाभर बिऱ्हाड हवे असते, चूल हवी असते, सकाळी दोन तास मुलांनी गणित केल्यावर निघता येईल अशी सवड हवी असते. म्हणून पाच-सहा कुटुंबे एकत्र येऊन स्वतःच तजवीज करतात: एकाच इमारतीत किंवा एकाच गल्लीत घरे भाड्याने घ्यायची, दूरचा प्रवास आगगाडीने करायचा, आणि ज्याला जे येते त्याने ते सर्वांच्या मुलांना शिकवायचे. वास्तुरचनाकार मावशीने घुमट समजावून सांगावा, बँकेतल्या काकांनी युरोचा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा.

मावशी आणि काका ही नाती येथे आपोआप जुळतात, आणि खरी परीक्षाही तेथेच सुरू होते. काका म्हटले की काकांना दटावण्याचा हक्क आला. आणि दुसऱ्याच्या मुलाला दटावण्याइतकी नाजूक गोष्ट जगात दुसरी नसेल. एका घरात मुलाला दिवसातून तीनदा आइस्क्रीम मागण्याची मुभा असते, तर दुसऱ्या घरात ते आठवड्यातून एकदा. एकाचा मुलगा रात्री अकरापर्यंत मोबाइल पाहतो, दुसऱ्याची मुलगी नऊला झोपते, आणि दोघांच्या खोल्यांमध्ये एक पातळ भिंत. सामायिक खर्चाची पेटी ठेवावी, मोठ्याची पूर्ण आणि मुलाची अर्धी वर्गणी धरावी, इथवर सर्वांचे एकमत होते; पण अर्धी वर्गणी भरणारा तेरा वर्षांचा मुलगा बापापेक्षा दुप्पट जेवतो, तेव्हा खजिनदाराची पंचाईत होते. शाकाहाराचाही प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही, कारण इटलीत ज्याच्या-त्याच्यावर किसून घालतात ते पार्मिजानो चीज वासराच्या जठरातील रेनेट वापरून विरजलेले असते, आणि हे कळल्यावर एका कुटुंबाचा पास्ता कोरडाच राहतो. शिस्त, झोप, जेवण आणि पैसा, या चार बाबी निघण्यापूर्वी कागदावर उतरवून सर्वांच्या सह्या घेणारे मेळावे शेवटपर्यंत टिकतात. ‘आपण काय परके आहोत?’ असे म्हणून निघालेले तिसऱ्या गावी फुटतात.

अशा काफिल्याने जावे कोठे? माझे मत विचारल्यास नेपल्स आणि पाँपेई. इटलीच्या सरकारी वास्तूंत अठरा वर्षांखालील कोणत्याही देशाच्या मुलाला प्रवेश मोफत आहे, ही किफायत बारा मुलांच्या मेळाव्याला लहान नाही. परंतु खरे कारण असे की पाँपेई हे मुलाच्या उंचीवरून पाहण्याजोगे शहर आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते गाडले गेले आणि १७४८ पासून उकरले जात आहे. राजवाडे आणि विजयकमानी पाहून मुले जांभया देतात, पण येथे रस्त्यात रथगाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या आहेत, आणि रस्ता ओलांडण्यासाठी मधोमध उंच दगड बसविलेले असून त्यांच्यामधून चाके जातील एवढ्याच फटी राखल्या आहेत. दहा वर्षांचा एखादा मुलगा शिवणाची टेप काढून दोन चाकोऱ्यांमधले अंतर मोजू लागतो, वहीत आकडा टिपतो, दुसऱ्या गल्लीत जाऊन पुन्हा मोजतो, आणि मग विचारतो, “काका, समोरून दुसरी गाडी आली तर ही जायची कुठून?” हा प्रश्न मोठमोठ्या पुराणवस्तुसंशोधकांनाही पडला होता, कडेच्या दगडांची झीज कोणत्या बाजूला आहे हे तपासून त्यांनी कित्येक रस्ते एकेरी वाहतुकीचे होते असा निष्कर्ष काढला. काकांना हे ठाऊक नसले तरी बिघडत नाही, मुलाला झीज दाखवली की पुरे. कोपऱ्याकोपऱ्यावर दगडी ओट्यात रांजण बसविलेली खाणावळीची दुकाने आहेत, भटारखान्यात लाव्हाच्या दगडाची जाती आहेत, आणि त्या काळी भट्टीत राहून कोळसा झालेला, आठ फाकांत आखलेला पाव नेपल्सच्या संग्रहालयात जाऊन पाहता येतो.

विनाशाची तारीखही मुलांनी वाद घालण्याजोगी आहे. पुस्तकांतून २४ ऑगस्ट ही तिथी छापली जाते. पण २०१८ साली एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली, तिच्यावर १७ ऑक्टोबर या अर्थाची तारीख आहे, आणि भिंतीवरचा कोळसा वर्षानुवर्षे टिकत नाही असे काही अभ्यासक म्हणतात. छापील पुस्तक चुकू शकते आणि भिंतीवर सहज खरडलेली ओळ ते दुरुस्त करू शकते, हे मुलाला शब्दांनी सांगायची मग गरज राहत नाही. याच प्रसंगाचा साक्षीदार असलेला धाकटा प्लिनी तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्याचा मामा थोरला प्लिनी, सदतीस खंडांच्या निसर्गकोशाचा कर्ता आणि आरमाराचा सेनापती, डोंगरावरचा तो विचित्र मेघ जवळून पाहायला निघाला आणि भाच्याला म्हणाला, येतोस का? भाच्याने उत्तर दिले की मामांनीच नेमून दिलेला अभ्यास करायचा आहे. मामा परत आला नाही. अभ्यास करीत बसलेला भाचा वाचला आणि पुढे इतिहासकार टॅसिटसला पत्रे लिहून सारी हकीकत कळवता झाला. गृहशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांची ही कथा सांगताना जराशी कुचंबणा होते, मुलांना मात्र ती विलक्षण आवडते.

मराठी मेळाव्याला नेपल्समध्ये आणखी एक काम आहे. पाँपेईच्या एका घरात १९३८ साली वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. ती भारतातून गेलेली आहे यात शंका नाही, आणि तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सापडल्या आहेत. उलट दिशेने, कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडन या सागरदेवतेची ब्राँझची रोमन मूर्ती निघाली. सातवाहनांच्या बाजारपेठा आणि रोमन बंदरे यांच्यात चाललेला व्यापार इतिहासाच्या पुस्तकात दीड ओळीत आटोपतो. तोच आधी तेरला, नंतर कोल्हापूरला आणि मग नेपल्सला पाहिला तर एका वर्षाचा भूगोल, इतिहास आणि अंकगणित त्यात सहज सामावेल. नेपल्सची ती मूर्ती विवस्त्र असल्यामुळे संग्रहालयाच्या ‘गुप्त दालनात’ ठेवली आहे, आणि तेथे चौदा वर्षांखालील मुलांना मोठ्या माणसाशिवाय सोडत नाहीत. कोणाच्या मुलांना कोणी न्यायचे, हे आदल्या रात्रीच ठरवावे. संग्रहालय मंगळवारी बंद असते, हेही लक्षात ठेवावे.

इतके सांगितल्यावर या प्रकारातला मुख्य धोका सांगितला पाहिजे. पाच-सहा कुटुंबे जमली, कोणी उत्साही पालकाने वेळापत्रक केले, वाटाड्या ठरवला, मुलांच्या हाती प्रश्नांचे छापील कागद दिले, संध्याकाळी ‘आज काय शिकलात’ याची उजळणी घेतली, की जी शाळा या मंडळींनी मोठ्या निर्धाराने सोडली होती तीच हजेरीपटासकट त्यांच्या सामानातून इटलीत येऊन उतरते. मेळावा मोठा झाला की हे टाळता येत नाही, कारण तीस माणसांना घंटेशिवाय हलवता येत नाही. म्हणून सहा कुटुंबांपुढे जाऊ नये असे मला वाटते. दुसरा आक्षेप पैशाचा. तो खोडून काढण्याजोगा नाही. हा खर्च ज्यांना झेपतो त्यांचीच मुले एकमेकांना भेटतात, आणि जग पाहायला निघालेली ही मुले प्रत्यक्षात आपल्यासारख्याच घरांतली मुले पाहून येतात. भाड्याच्या घराखाली भाजी विकणाऱ्या बाईच्या मुलाशी त्यांची गट्टी जमली तर ती योगायोगानेच जमते, आणि तो योगायोग घडायला दुपार मोकळी लागते.

मुलगा चौदा-पंधराचा झाला की दहावीची परीक्षा घरातही शिरते आणि काफिल्यातून ते कुटुंब गळते. म्हणजे असे मेळावे बहुतेक करून सात ते चौदा वर्षांच्या मुलांचे उरतात. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९३ च्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात, सोळा ते एकवीस या वयात तरुणांना युरोपदर्शनाला धाडण्याच्या तत्कालीन सरदारी प्रथेवर टीका करून, सात ते चौदा किंवा सोळा हे वय त्यासाठी अधिक योग्य, कारण परकी भाषेचे उच्चार तेव्हाच जिभेवर बसतात, असे प्रतिपादिले होते. मुलाबरोबर एक जाणता शिक्षक असावा एवढीच त्याची अट होती. शिक्षकाच्या जागी आई, बाप, धाकटी बहीण आणि गुडघे दुखत असूनही व्हेसुव्हियस पाहायचाच असा हट्ट धरलेली आजी निघेल, हे त्याच्या हिशेबात नव्हते.