भेगांवरून ओळखायची माती : टेक्ससची 'ह्यूस्टन ब्लॅक'

आज आपण टेक्ससमधल्या एका मातीबद्दल बोलणार आहोत. अमेरिकेच्या मृदा सर्वेक्षणात तिचं नाव आहे 'ह्यूस्टन ब्लॅक'. ती टेक्ससची राज्य-मृदा मानली जाते आणि फुगणाऱ्या-आकसणाऱ्या मातींचं नमुनेदार उदाहरण म्हणून जगभर तिचा उल्लेख होतो. आपल्यापैकी बहुतेकांनी ती पाहिलेली नाही, पण वर्णन ऐकलं की ओळखीची वाटेल. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात पायाला किलो-किलो चिकटते आणि वाफसा आल्याशिवाय अवजाराला दाद देत नाही. कुणीही म्हणेल, ही तर आपलीच काळी माती!

इथेच पहिला प्रश्न येतो. आपल्याला शाळेपासून शिकवलं जातं की काळी माती बेसॉल्टपासून होते. टेक्ससच्या त्या पट्ट्यात बेसॉल्टचं पठार नाही. तिथे खाली गाळाचे खडक आहेत, तेही समुद्रात साचलेले. मग ही माती तिथे आली कुठून? आणि दोन वेगळ्या खडकांवरच्या मातींना एकाच वर्गात बसवणं बरोबर आहे का? आजचं व्याख्यान या दोन प्रश्नांभोवती आहे.

जागा आणि खडक

उत्तरेला डॅलसच्या पलीकडून सुरू होऊन वेको, ऑस्टिन असा दक्षिणेला सॅन अँटोनिओपर्यंत एक लांबट पट्टा जातो. त्याला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात. प्रेअरी म्हणजे उंच गवताचं मैदान. ह्यूस्टन ब्लॅक मालिकेची माती या पट्ट्यात सुमारे १५ लाख एकरांवर आहे. नावावरून गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगतो : ह्यूस्टन शहर या पट्ट्यात येत नाही. मालिकेचं नाव १९०२पासून चालत आलंय, एवढंच.

क्रिटेशिअस काळात इथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी बारीक चिखल आणि सूक्ष्म जीवांची चुनखडी कवचं साचत गेली. जिथे कवचं जास्त, तिथे खडूचा दगड तयार झाला. जिथे चिखल जास्त, तिथे मार्ल, म्हणजे चुना मिसळलेला मऊ चिकणखडक. ह्यूस्टन ब्लॅक मुख्यतः या मार्लसारख्या खडकांच्या झिजेतून आलेली आहे. माती खोल असते. बऱ्याच ठिकाणी दोन मीटर खाली गेलं तरी मूळ खडक लागत नाही.

आता आपल्या दख्खनशी तुलना करू. आपल्याकडे लाव्हा थिजून बेसॉल्ट झाला. त्यातली फेल्डस्पार, पायरॉक्सिन यांसारखी खनिजं पाण्याने कुजत गेली आणि त्यांच्यापासून चिकणमातीची खनिजं *तयार झाली*. टेक्ससमध्ये ती बऱ्याच अंशी खडकात *आधीच होती*. पावसाने चुना विरघळून जात राहिला आणि चिकणमाती मागे उरली. वाटा दोन, पण दोन्ही वाटा एकाच खनिजगटापाशी येतात. त्या गटाचं नाव स्मेक्टाइट. मॉन्टमोरिलोनाइट हे त्यातलं सर्वांत माहितीचं.

स्मेक्टाइट काय करतं?

एक वही डोळ्यांसमोर आणा. स्मेक्टाइटचा कण असाच पानांवर पानं ठेवलेला असतो. प्रत्येक पान जवळपास एक नॅनोमीटर जाडीचं. या पानांमधली पकड ढिली असते, त्यामुळे पाणी आत शिरतं आणि पानं एकमेकांपासून लांब जातात. वाळलं की परत जवळ येतात. कोकणातल्या जांभ्या मातीत केओलिनाइट हे खनिज जास्त असतं. त्याची पानं एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून जांभी माती चिकणी असली तरी अशी फुगत नाही. म्हणजे नुसतं 'चिकणमाती किती' हे पाहून भागत नाही, 'कोणती' हेही पाहावं लागतं.

ह्यूस्टन ब्लॅकमध्ये चिकणमातीचं प्रमाण साधारण ४६ ते ६० टक्के आहे आणि तिच्यात स्मेक्टाइटचं वर्चस्व. कोरड्या महिन्यांत माती आकसते आणि हात आत जाईल अशा भेगा खोलवर उतरतात. वरची बारीक ढेकळं, पालापाचोळा त्या भेगांत पडतो. पाऊस आला की सुरुवातीचं पाणी भेगांतून धडाधड खाली जातं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि त्यानंतर पाणी जवळजवळ मुरेनासं होतं, वरूनच वाहू लागतं. एकाच शेताचे हे दोन स्वभाव एका हंगामात दिसतात. जमिनीची धूप समजून घ्यायची तर दोन्ही लक्षात घ्यावे लागतात.

खाली काय होतं ते जास्त महत्त्वाचं आहे. फुगणाऱ्या मातीला बाजूला जायला जागा नसते. दाब वाढतो आणि मातीचे मोठे तुकडे तिरप्या पातळीवर एकमेकांवरून सरकतात. या घासण्याने तयार झालेले चकचकीत, रेघा उमटलेले पृष्ठभाग खड्डा खणला की स्पष्ट दिसतात. शास्त्रात त्यांना स्लिकनसाइड म्हणतात. जमिनीवरही याची खूण उमटते : नांगर न लागलेल्या प्रेअरीत काही पावलांच्या अंतराने वीतभर-हातभर उंच-सखल भाग दिसतात. टेक्ससचे लोक त्यांना 'डुकरांची लोळण' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. शास्त्रात मात्र ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी भाषेतला 'गिलगाय' हा शब्द रुजला.

नाव देण्याचा इतिहास

या मातीचं वर्गीकरण करताना जुने शास्त्रज्ञ दोन गोष्टींवर फसले : रंग आणि खडक.

काळी आहे म्हणजे सेंद्रिय पदार्थ भरपूर असणार, असं सहज वाटतं. प्रत्यक्षात या मातींत ह्युमस रंगावरून वाटतो तितका नसतो. थोडाच असतो, पण चिकणमातीला घट्ट चिकटून सगळीकडे पसरतो आणि गडद रंग देतो. खडकाचं म्हणाल, तर चुनखडी खडकावरची गडद माती म्हणून ह्यूस्टन ब्लॅकला पूर्वी 'रेंडझिना' या गटात टाकलं होतं. पण युरोपातली मूळ रेंडझिना उथळ आणि ठिसूळ. ती अशी फुगत नाही, सरकत नाही.

१९५०च्या सुमारास हार्वी ओक्स आणि जेम्स थॉर्प या दोघांनी एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की टेक्ससमध्ये जिला रेंडझिना म्हणतात, भारतात जिला रेगूर किंवा कापसाची काळी माती म्हणतात आणि मोरोक्कोत जिला तिर्स म्हणतात, त्या उष्ण प्रदेशातल्या गडद चिकणमाती एकाच कुळातल्या आहेत. या कुळासाठी त्यांनी 'ग्रुमुसोल' हे नाव सुचवलं. पुढे १९६०च्या अमेरिकी वर्गीकरण आराखड्यात 'व्हर्टिसोल' हे नाव आलं आणि तेच टिकलं. लॅटिनमधल्या 'उलटणे, फिरवणे' या अर्थाच्या क्रियापदावरून ते केलं आहे.

व्हर्टिसोल ठरायला तीन मुख्य अटी आहेत. वरच्या १०० सेंटिमीटरच्या आत निदान २५ सेंटिमीटर जाडीचा असा थर हवा, ज्यात स्लिकनसाइड किंवा तिरपे पाचरीसारखे तुकडे दिसतात. पृष्ठभागापासून ५० सेंटिमीटरपर्यंत चिकणमाती ३० टक्के किंवा जास्त हवी. आणि भेगा ठरावीक काळाने उघडायला-मिटायला हव्यात. यात रंग नाही आणि खडकाचं नावही नाही. माती *कशी वागते* यावर वर्ग ठरतो.

मग खडकाला महत्त्व नाही का? आहे. त्याच प्रेअरीत, खडूच्या दगडावर 'ऑस्टिन' नावाची माती आहे. गवत तेच, हवामान तेच. पण तिच्यात चुन्याचा वाटा फार मोठा, म्हणून तिची हालचाल कमी पडते आणि ती मॉलिसोल या वेगळ्या वर्गात जाते. खडक मातीला कोणतं खनिज देतो हे पाहायचं, नुसतं खडकाचं नाव पाहायचं नाही.

नावात दडलेले भेगांचे दिवस

ह्यूस्टन ब्लॅकचं पूर्ण शास्त्रीय नाव जरा लांब आहे : फाइन, स्मेक्टिटिक, थर्मिक, युडिक हॅप्लुस्टर्ट. घाबरू नका, शेवटाकडून वाचू. 'अर्ट' म्हणजे व्हर्टिसोल. 'उस्ट' म्हणजे वर्षात एकूण ९० किंवा जास्त दिवस भेगा उघड्या. 'हॅप्ल' म्हणजे साधी, खास वेगळा थर नसलेली. 'युडिक' म्हणजे जरा ओलसर बाजूची. भेगा १५० दिवसांपेक्षा कमी उघड्या. 'थर्मिक' म्हणजे मातीचं वार्षिक सरासरी तापमान १५ ते २२ अंश. 'स्मेक्टिटिक' आपण पाहिलंच, आणि 'फाइन' हा चिकणमातीच्या प्रमाणाचा वर्ग.

विदर्भातल्या बऱ्याच खोल काळ्या माती 'टिपिक हॅप्लुस्टर्ट' आहेत. फरक फक्त पहिल्या शब्दात. टेक्ससमध्ये पाऊस वर्षभर थोडाथोडा विखुरलेला, वसंतात आणि शरदात जास्त. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि मग लांबलचक कोरडा काळ. म्हणून आपल्या भेगा जास्त दिवस उघड्या राहतात. हे दिवस पाणी न दिलेल्या जमिनीवर मोजायचे असतात, हेही लक्षात ठेवा.

एक प्रामाणिक दुरुस्तीही सांगायला हवी. 'व्हर्टिसोल' नावामागे कल्पना अशी होती की वरची माती भेगांत पडते, खालची वर येते आणि सगळी माती घुसळून निघते. पण यातल्या सेंद्रिय कर्बाचं वय मोजलं, तर ते खोलीबरोबर वाढत जातं. सगळं घुसळत असतं तर असं दिसलं नसतं. घुसळण होते, पण मर्यादित; मुख्य काम तिरप्या सरकण्याचं आहे. नाव जुन्या समजुतीचं राहिलं, अटी मात्र निरीक्षणावर उभ्या आहेत.

याचा उपयोग काय?

ज्याला ही माती 'सुपीक काळी' एवढीच माहीत आहे, तो घर बांधताना चुकतो. डॅलसच्या परिसरात लोक उन्हाळ्यात घराच्या पायाभोवती झिरपणारे पाइप टाकून माती ओलसर ठेवतात, कारण माती आकसली की पाया तडकतो. आपल्याकडे याच स्वभावासाठी रुरकीच्या संस्थेने तळाशी फुगीर असलेल्या पाइल विकसित केल्या आणि मुंबईच्या आयआयटीत प्रा. काट्टी यांनी न फुगणाऱ्या मातीचा थर घालण्याची पद्धत मांडली.

दुसरी गोष्ट नुकसानीची आहे. १८७२ साली डॅलसला रेल्वे पोचली, पोलादी नांगर आले, आणि पुढच्या काही दशकांत उंच गवताचं हे मैदान कापसाखाली गेलं. आज मूळ ब्लॅकलँड प्रेअरीचा एक टक्काही शिल्लक नाही. नांगर फिरला की गिलगायचे उंच-सखल भाग सपाट होतात, सेंद्रिय कर्ब घटतो, उतारावरची माती वाहून जाते. ही माती मुळात कशी होती हे जिथे खड्डा खणून दाखवता येईल, अशा जागा फार थोड्या उरल्यात. उरलेले गवताचे तुकडे म्हणजे त्या अभ्यासाच्या मूळ प्रती आहेत.

आपल्याकडे तर काळ्या मातीवर शेती फार जुनी आहे. तिचं मूळ गवताळ रूप दाखवणाऱ्या जागा आणखी कमी. म्हणून शेवटी एक विनंती. येत्या मे महिन्यात जवळच्या पडीक काळ्या रानात जा. भेग किती रुंद, काठी किती खोल जाते, ते लिहून ठेवा. पाऊस संपल्यावर वाफशात त्याच जागी कंबरभर खड्डा घ्या आणि भिंतीवर तिरपे चकचकीत पृष्ठभाग शोधा. सापडले, तर रंग आणि खडक यांच्या आधी तेच टिपा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.