विमान उतरले, माणूस पोहोचला काय?

आपल्या समाजातील काही मुले-मुली आज शिक्षण वा नोकरीनिमित्त अमेरिकेत आहेत. ती न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाली की इकडे आई-वडील मोबाईलवरील संदेशांकडे डोळे लावून बसतात. सबब हे संदेश कोठून येतात व ते कसे वाचावेत, याची थोडी माहिती आम्ही येथे देत आहोत.

प्रत्येक उड्डाणाच्या चार वेळा नोंदल्या जातात : गेटवरून हलल्याची, जमीन सोडल्याची, जमिनीला टेकल्याची व गेटला लागल्याची. पूर्वी त्या वैमानिक रेडिओवर तोंडी सांगत. १९७८ साली अमेरिकेत 'एकार्स' ही पद्धत आली आणि विमानाचे ब्रेक, दारे व चाके यांवरून त्या आपोआप कळू लागल्या. शिवाय विमान आपले स्थान रेडिओवरून सतत कळवीत असते. त्यावरून पोहोचण्याची अंदाजी वेळ बदलत राहते. म्हणून एकामागून एक संदेश आले तर घाबरून जाऊ नये.

खरा घोळ होतो तो घड्याळाचा. न्यूयॉर्कहून सायंकाळी ६ ला सुटलेले विमान लॉस एंजेलिसला रात्री ९ च्या सुमारास पोहोचते. प्रवास तीन तासांचा वाटतो. प्रत्यक्षात तो सुमारे सहा तासांचा असतो, कारण तेथील घड्याळ तीन तास मागे आहे. संदेशात त्या-त्या गावची वेळ असते. लॉस एंजेलिसचे रात्रीचे ९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. परतीच्या प्रवासाला मात्र साधारण तासभर कमी लागतो. उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात ना!

आता 'उतरले' या शब्दाविषयी. बँकेत चेक भरला म्हणजे पैसे खात्यावर आले असे होत नाही, तो वटावा लागतो. तसेच हे. विमान टेकल्यावर गेट मोकळे नसेल तर ते धावपट्टीबाहेर थांबून राहते. पुढे सामानाची वाट पाहणे आहेच. आणि मुख्य म्हणजे हा संदेश विमानाचा असतो, प्रवाशाचा नव्हे. मुलीचे विमान चुकले तरी 'उतरले' असा संदेश येणारच.

संदेशासाठी नोंदणी करताना विमानाचा क्रमांक व तारीख तिकिटावरून पाहून घालावी; तारीख तेथील, आपली नव्हे. अनोळखी संदेशातील दुव्यावर बोट ठेवून बँकेची माहिती कदापि देऊ नये.

विद्यार्थ्यांनो, साध्या एका एसएमएसमध्ये देवनागरीची ७० अक्षरचिन्हे मावतात. 'बाहेर आले, सामान मिळाले' एवढे लिहिले तरी निम्म्याहून अधिक जागा उरते.