धनी परगावी गेला, तर गोठ्याचं कोण बघणार?

— ऊस विकास अधिकारी



मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये प्रशिक्षणाला जाण्यासाठी गटागटांतून नावे मागवली, की नकाराचे कारण बहुधा उसाचे नसते. "यायचं होतं हो, पण गाया कुणाच्या गळ्यात घालू?" हे उत्तर ठरलेले. भगिनींची अडचण तर याहून मोठी. माहेरचे लग्न असो की आईचे आजारपण, सकाळची धार काढून निघायचे आणि संध्याकाळच्या धारेला माघारी यायचे. खिशात पैसा आहे, दारात गाडी आहे, पण गोठ्याने घराला दावे लावले आहे. यावर उपाय काय, याचा विचार या लेखात करू.

गुराखी गेला, काम राहिले

पूर्वी गावाला गुराखी असे. सकाळी तो वेशीपाशी गुरे गोळा करी, दिवसभर राने फिरवी आणि दिवे लागताना माघारी आणी. मोबदला जनावरामागे ठरलेला. कुठे पैसा, कुठे सुगीला धान्य. म्हणजे दुसऱ्याचे जनावर मोल घेऊन सांभाळणे हा धंदा आपल्याला नवा नाही.

हा धंदा कसा बदलला, हे आपल्याच जिल्ह्यातल्या, नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारवरून समजते. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान असे नियम स्वीकारले. पाणी राखण्यासाठी ऊस आणि केळीलाही वेस बंद केली. साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे लिहिताना जरा अवघड वाटते, पण खरे ते खरे! चराईबंदीमुळे जनावर डोंगरावर सोडायचे नाही. गवत कापून आणायचे आणि दावणीला घालायचे. डोंगर सावरला, चारा वाढला. १९९० च्या दशकाच्या मध्याला गावात रोजचे दूध दीडशे लिटरच्या घरात होते, ते पुढे चार हजार लिटरपर्यंत गेले.

आता दुसरी बाजू बघा. माळावरची चाळीस गुरे एकटा गुराखी सांभाळी. तीच गुरे दहा घरांच्या दावणीला बांधली, की दहा घरी माणूस अडकतो. राखण संपली नाही. ती डोंगरावरून गोठ्यात आली. आपल्या ऊसपट्ट्यात चराईबंदीचा ठराव कुणी केला नसेल, पण बांध नांगरले गेले, गायराने आटली. गत तीच झाली.

शेजारधर्म कुठवर पुरणार?

चार दिवस शेजारी बघतो, हे खरे. पण 'धर्माची गाय आणि दात का गं नाय' असे विचारता येत नाही. फुकट केलेल्या कामाचा जाब कसा मागायचा? आणि आजची संकरित गाय चार पेंढ्या टाकून भागणारी नाही. नवा हात लागला की ती पान्हा चोरते. धार अर्धी राहिली तर दगडी होऊन सड कायमचा जाऊ शकतो. माज काही तासांचा. तो नजरेतून सुटला, की पुढचे एकवीस दिवस नुसता चारा घाला.

वस्तीवरच्या कुत्र्याचा तर कुणी विचारच करत नाही. धनी गेला की ते उपाशी भटकते आणि रात्री मोकळे राहते. उसात बिबट्याचा वावर आहे, हे तुम्हांस सांगायला नको. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहारावर विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला.

शहरात आणि परदेशात

पुण्या-मुंबईत कुटुंब गावाला निघाले, की कुत्र्या-मांजरासाठी पगारी माणूस घरी बोलावतात. अमेरिकेत तर हा मान्य व्यवसाय आहे. उत्तर कॅरोलायना राज्यातील पॅटी मोरान या बाईंनी १९८० च्या दशकात हे काम सुरू केले, १९८७ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि १९९४ साली अशा व्यावसायिकांची संघटना उभी केली. त्यांचे मुख्य तत्त्व आपल्याही कामाचे आहे: जनावर हलवायचे नाही, माणसाने जनावराकडे यायचे. २०२२ साली लम्पीच्या साथीत जनावरांचे बाजार बंद करावे लागले होते, ते आठवा. चार घरची जनावरे एका दावणीला आली, की रोगाला आमंत्रणच.

कायदा काय म्हणतो?

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम १६३ मध्ये उदाहरणच गाईचे दिले आहे: सांभाळायला दिलेली गाय व्याली, तर गाईबरोबर वासरूही मूळ धन्याला परत द्यावे लागते. वेगळा करार असेल तर गोष्ट वेगळी. निम्म्या वाट्याने शेळी देतो, तो असाच वेगळा करार. कलम १५१ सांगते, की शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी सांभाळणाऱ्याने घ्यावी. कलम १५० धन्याला बांधते. त्यातले उदाहरण घोड्याचे आहे: घोडे खोडकर आहे हे ठाऊक असून न सांगता वापरायला दिले आणि घेणारा पडला, तर भरपाई देणाऱ्याने करायची. तेव्हा गाय लाथ मारते, बैल मारका आहे, हे आधीच सांगा. शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावर ज्याच्या ताब्यात, त्याची नीट निगा राखण्याचे कर्तव्य त्याच्यावर येते.

जाण्यापूर्वी एवढे करा

१) सांभाळणाऱ्याला दोन दिवस आधी बोलवा. धार तुमच्यासमोर काढू द्या; गाईला हात ओळखीचा होऊ द्या.

२) चारा, पेंड आणि पाण्याचे माप कागदावर लिहा. 'अंदाजाने घाल' म्हणू नका.

३) गाळप हंगामात नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवायला सांगू नका. वाढ्यातील ऑक्झॅलेट शरीरातील चुना बांधून ठेवते. कडबा आणि खनिज मिश्रण जोडीला ठेवा.

४) कानातील बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक, शेवटच्या रेतनाची तारीख व झालेल्या लसी लिहून द्या. पशुवैद्यकीय मदतीचा १९६२ हा क्रमांक गोठ्यात खडूने लिहा.

५) कुत्र्याला रेबीजची लस टोचलेली असावी. दिवस मावळण्याआधी कुत्रे आणि शेळ्या आत बंद करण्याची जबाबदारी ठरवून द्या.

६) रोज, दुधाचा हिशोब आणि औषधाचा खर्च कुणाचा, हे निघण्यापूर्वी दोन माणसांसमोर ठरवा.

हे काम कुणी करावे?

चराई आटली तेव्हा गुराख्याच्या घरची चूल कशी पेटते, हे फारसे कुणी विचारले नाही. ज्याच्या नावावर एकर नाही आणि कारखान्याचा शेअर नाही, पण जनावराची नजर आहे, अशी माणसे प्रत्येक गावात आहेत. धार काढण्यात पटाईत भगिनी आहेत, कृषी पदविका घेऊन घरी बसलेली मुले आहेत. गावातल्या अशा दोघा-तिघांनी मिळून पाच-पन्नास गोठ्यांची पाळी धरली, तर त्यांना रोजगार मिळेल आणि सभासदाला मोकळीक. मात्र याला उपकार समजू नका आणि उरल्यासुरल्या दुधावर भागवू नका. ऊसतोडीचा दर आपण ठरवून देतो, तसा या कामाचाही दर ठरवून रोख द्या.

येत्या गटसभेत हा विषय जरूर काढा. आपल्या गावात हे काम कोण करू शकेल, त्यांची नावे काढा, आणि सभेला त्यांनाही बोलवा. दर त्यांच्यासमोर ठरू द्या.