स्वातीचा प्रकाश आणि दुरुस्त झालेली नोंद

स्वाती नक्षत्राच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो, ही समजूत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु ज्या ताऱ्यावरून या नक्षत्राला नाव मिळाले, तो तारा आपल्यापैकी किती जणांनी निरखून पाहिला असेल?

मे महिन्याच्या अखेरीस, रात्री साडेदहाच्या सुमारास गच्चीवर जावे. सप्तर्षींच्या शेपटीची वक्ररेषा तशीच पुढे वाढवीत नेली की जो तेजस्वी नारिंगी तारा भेटतो, तोच स्वाती. महाराष्ट्रातून तो त्या वेळी जवळजवळ डोक्यावर असतो. दुर्बिणीची आवश्यकता नाही.

त्याचा नारिंगी रंग तापमानामुळे आहे. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५५०० अंश सेल्सिअस, तर स्वातीचे सुमारे ४०००. वस्तुमानाने तो सूर्याच्या जवळपासचाच. परंतु गाभ्यातील हायड्रोजनची पुंजी संपल्याने तो फुगून सूर्याच्या सुमारे २५ पट व्यासाचा झाला आहे. काही अब्ज वर्षांनी आपल्या सूर्यालाही याच अवस्थेतून जावयाचे आहे.

१९३३ साली शिकागो येथे मोठे प्रदर्शन भरले. त्याचे दिवे उजळण्यासाठी स्वातीचा प्रकाश दुर्बिणीने प्रकाशविद्युत घटावर घेऊन त्यातून संदेश निर्माण करण्यात आला. स्वाती ४० प्रकाशवर्षे दूर आहे, असा तेव्हाचा अंदाज होता. म्हणजे तो प्रकाश १८९३ मध्ये, शिकागोच्या आधीच्या प्रदर्शनाच्या वर्षी निघालेला! त्याच वर्षी तेथील सर्वधर्मपरिषदेत वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन दर्शन मांडले होते.

योग मोठा सुंदर होता. परंतु हिशेब चुकला होता. पुढे अधिक काटेकोर मोजमापे झाली आणि अंतर सुमारे ३७ प्रकाशवर्षे ठरले. तो प्रकाश वस्तुतः १८९६ च्या सुमारास निघाला होता. शास्त्रज्ञांनी सुंदर कथेसाठी जुना आकडा राखून ठेवला नाही.

बँकेतील नोकरीत ताळा जुळेना, तेव्हा आकडा बसवून घरी जाण्याचा मोह मीही अनुभवला आहे. चूक शोधून नोंद दुरुस्त करणे यातच वहीची पत असते. पेढीवरील नव्या पिढीला हे समजावताना एखाद्या रात्री स्वाती अवश्य दाखवावा.