लष्कर ते ल्युसर्न: एक आई, एक लेक

अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन एकट्या आईनं परदेशी सहलीला निघायचं, तर तयारी सुरू होते कागदांपासून. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आईवडिलांकडे राहणारी, बँकेत नोकरी करणारी एक मराठी आई या तयारीला लागली, तेव्हा कपड्यांची बॅग अजून माळ्यावरच होती. टेबलावर होते मुलीचा जन्मदाखला, घटस्फोटाचा निकाल आणि मुलीचा ताबा आईकडे देणारा न्यायालयाचा आदेश.

एकट्या आईसाठी हा रस्ता आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं, वडील हयात असतानाही आई मुलाची नैसर्गिक पालक असू शकते, हे मान्य केलं. मे २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं एका एकट्या आईच्या अर्जावर निकाल दिला, की मुलीच्या पासपोर्टसाठी वडिलांच्या नावाचा आग्रह धरता येणार नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये परराष्ट्र मंत्रालयानं नियम सैल केले. आता अर्जात आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांच्यापैकी एकाचं नाव पुरतं. दुसऱ्या पालकाची संमती नसेल तर परिशिष्ट ‘सी’ हे स्वयंघोषणापत्र जोडता येतं. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो घरूनच न्यावा लागतो. मान सरळ, डोळे उघडे आणि मागे आईचा हात दिसत नाही, असा फोटो मिळवण्यात फोटोवाल्याकडची एक अख्खी संध्याकाळ गेली.

व्हिसाची गोष्ट वेगळी. युरोपच्या सहलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आहे, सहा वर्षांखालच्या मुलांना ते माफ आहे. बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. पण किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा आईइतकाच लेकीलाही लागतो. शिवाय मूल एकाच पालकाबरोबर निघालं असेल, तर दुसऱ्याची लेखी संमती, ताब्याचा आदेश किंवा मृत्यूचा दाखला, यांपैकी जे लागू असेल ते दाखवावं लागतं. पालकांच्या भांडणात परदेशी नेलेलं मूल परत आणण्यासाठी १९८० चा हेग करार आहे आणि भारत त्यात सामील नाही. त्यामुळे एका पालकाबरोबर निघालेल्या मुलाचे कागद कुणी जरा निरखून पाहिले, तर ते मुलाच्या भल्यासाठीच असतं. या आईनं हिंदीतल्या आदेशाचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून घेतलं, त्याच्या प्रती काढल्या आणि एक संच हातातल्या पर्समध्ये ठेवला. चेक-इन केलेल्या बॅगेतला कागद इमिग्रेशनच्या खिडकीवर उपयोगाचा नसतो.

“एकटीच जातेस, पोरीला कोण बघेल?” हा आजीचा प्रश्न घरात रोज निघायचा. त्याचं उत्तर शोधतानाच आईनं स्वतंत्र प्रवासाऐवजी मार्गदर्शित सहल निवडली.

तिचा हिशोब साधा होता. प्रवासात दोन मोठी माणसं असली की कामं वाटली जातात. एक जण मूल धरतो. दुसरा बॅगा उचलतो, रांगेत उभा राहतो, तिकीट दाखवतो, रस्ता विचारतो. एकट्या पालकाकडे हात दोनच आणि त्यातला एक सतत मुलाच्या हातात. ग्रुप टूर या दुसऱ्या माणसाची बरीच कामं उचलते. थॉमस कुकनं ५ जुलै १८४१ रोजी सुमारे पाचशे लोकांना लेस्टरहून लफबरोला रेल्वेनं नेलं, तेव्हापासून या धंद्याचं मूळ काम हेच आहे: व्यवस्था एकानं पाहायची, बाकीच्यांनी निश्चिंतपणे फिरायचं. मराठी माणसाला १९८४ मध्ये सुरू झालेल्या केसरी टूर्सनं आणि २०१३ मध्ये आलेल्या वीणा वर्ल्डनं या पद्धतीची चांगली सवय लावली. सोबत बोलणारा टूर मॅनेजर, संध्याकाळी भारतीय जेवण, बसमध्ये ओळखीची भाषा. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये जिथे पडली, त्या लष्करात ही भाषा आजही घरोघरी आहे. पण लेकीच्या बोलण्यात शेजारपाजारची हिंदी जास्त. आठवडाभर चारी बाजूंनी मराठी ऐकू येईल, हेही आईच्या निवडीमागचं एक कारण होतं.

दर विचारले, तेव्हा मात्र अडचण समोर आली. सहलींचे दर बहुतेक ‘ट्विन शेअरिंग’वर, म्हणजे एका खोलीत दोन मोठी माणसं धरून, बांधलेले असतात. मुलांची सवलत त्या दोघांवर बेतलेली: तिसरा बेड घेतला तर एक दर, न घेतला तर त्याहून कमी. खोलीत मोठं माणूस एकच असेल, तर मूल बहुतेकदा दुसऱ्या बेडचं धनी ठरतं आणि त्याचा दर मोठ्या माणसाच्या जवळ जातो. मूल दोन वर्षांखालचं असेल तर विमानात मांडीवर बसून थोडक्या भाड्यात जातं, पण मग खोलीचा एकट्याचा जादा आकार आईला भरावा लागतो. त्यातही एक बारकावा आहे. सहलीत असतानाच मुलाचा दुसरा वाढदिवस येत असेल, तर परतीच्या विमानात त्याला स्वतंत्र सीट घ्यावी लागते. छापील दरपत्रकात यातलं फारसं काही नसतं. विचारलं तरच कळतं.

रंगीत तालीम ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर झाली. एका रविवारी सकाळी आई उरवाई दरवाजानं गाडीतून वर गेली आणि मानसिंह तोमरांच्या मानमंदिरात स्ट्रोलर, बॅग आणि लेक यांना घेऊन एकटीच फिरली. सपाट अंगणात स्ट्रोलर छान चालला. तळघराच्या अरुंद, काळोख्या पायऱ्यांपाशी तो दुमडून खांद्याला लावावा लागला आणि मुलगी कडेवर आली. तेली मंदिरापर्यंत जाताजाता आईचं ठरलं, की एका हातानं दुमडणारा हलका स्ट्रोलर न्यायचा आणि अंगाला बांधायचं कापडी कॅरियरही न्यायचं. युरोपातली जुनी शहरं दगडी फरशांची आणि पायऱ्यांची. व्हेनिसमध्ये तर चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. तिनं इटलीची सहल वगळून स्वित्झर्लंडची घेतली, त्याचं हे एक कारण. दुसरं कारण पिसाचा कलता मनोरा: तिथे आठ वर्षांखालच्या मुलांना वर सोडतच नाहीत. जोडप्यातला एक जण मुलाबरोबर खाली थांबू शकतो. एकट्या आईला मनोरा खालूनच बघावा लागतो.

मग खाऊ. युरोपीय संघ आणि स्वित्झर्लंड बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत. म्हणजे आजीनं कढवलेलं तूप घरीच राहिलं आणि पेढेही. लहान मुलांच्या सीलबंद दूध पावडरीला दोन किलोपर्यंत मुभा आहे, ती बॅगेत गेली. मुरैन्याची गजक तीळ-गुळाची, तिला आडकाठी नव्हती. मेतकूट, भाजलेल्या तांदळाची पेजेची पूड, नाचणीचं सत्त्व, छोटी किटली आणि स्विस सॉकेटला चालणारा अडॅप्टर, एवढ्यावर मुलीचं अर्धं जेवण भागणार होतं.

ग्वाल्हेरहून दिल्ली रेल्वेनं सव्वातीनशे किलोमीटरांच्या आत. वेगवान गाडीनं तीन-साडेतीन तासांत माणूस पोहोचतो. आजोबा दिल्लीपर्यंत आले आणि विमानतळाच्या दारातून परत फिरले. खरी परीक्षा सुरक्षा तपासणीत. स्ट्रोलर दुमडून एक्स-रेच्या पट्ट्यावर, बूट काढायला सांगितले तर बूट, पर्स, फोन, दुधाची बाटली ट्रेमध्ये आणि मूल कडेवर. महिलांच्या तपासणीच्या पडद्याआड आईबरोबर लेकही जाते. बाहेर ट्रे पुढे सरकत असतो. इथे सहलीचा पहिला उपयोग झाला. ग्रुपमधल्या एका बाईंनी न सांगता ट्रे उचलून बाजूला ठेवले. लहान मुलाचं दूध आणि खाणं द्रवपदार्थांच्या मर्यादेतून वगळलेलं असतं, पण बाटली वेगळी काढून दाखवावी लागते.

झुरिचचं विमान साडेआठ तासांच्या आसपास घेतं. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी घोट-घोट पाणी पाजलं की कानांचा त्रास कमी होतो. उन्हाळ्यात स्वित्झर्लंडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. मूल घड्याळ मानत नाही. भारतात सकाळचे साडेसहा वाजले की लेक उठायची, तेव्हा तिथे पहाटेचे तीन वाजलेले. पहिले काही दिवस आई त्या वेळी दिवा मंद ठेवून किटलीत पेज करायची आणि दोघी खिडकीपाशी बसायच्या.

ग्रुप टूरचा दिवस ‘सहा-सात-आठ’वर चालतो: सहाला जाग, सातला नाश्ता, आठला बस. इतरांना कठीण वाटणारी ही वेळ या दोघींना सोपी गेली. कठीण गेली ती संध्याकाळ. भारतीय रेस्टॉरंटमधलं जेवण सातनंतर, आणि लेकीची झोपेची वेळ त्याच्या आधी. आईनं दुसऱ्या दिवसापासून तिला साडेपाचलाच बसमध्ये पेज, केळं, दही भरवायला सुरुवात केली. रेस्टॉरंटमध्ये मुलगी कॅरियरमध्ये झोपलेली आणि शेजारच्या पुण्याच्या काकू म्हणायच्या, “द्या तिला इकडे, तुम्ही आधी गरम खाऊन घ्या.” आईचा एक नियम होता: मदत घ्यायची, पण मुलगी नजरेआड जाऊ द्यायची नाही. लेकीच्या मनगटावरच्या पट्टीवर टूर मॅनेजरचा फोन नंबर आणि हॉटेलचं नाव रोज नव्यानं लिहिलं जायचं. युरोपभर आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे, आपल्याकडे आहे तोच.

बसचा प्रवास वाटला होता त्यापेक्षा सुखाचा झाला. युरोपात बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती कायद्यानं बंधनकारक आहे आणि दिवसाला साधारण नऊ तासांची मर्यादा. सहलीची बस त्याच्याही आधी, दर दोनेक तासांनी थांबते. अडीच वर्षांच्या मुलीला हेच हवं असतं: धावायला दहा मिनिटं आणि स्वच्छ शौचालय. शौचालयासाठी सुट्ट्या नाण्यांची पुरचुंडी मात्र जवळ लागते.

टिटलिस शिखराच्या दिवशी टूर मॅनेजरचं खरं कसब दिसलं. वरचं स्थानक ३,०२० मीटरवर, पायथ्याचं एंगेलबर्ग हजारेक मीटरवर. तासाभरात एवढी उंची गाठली तर मोठ्यांचंही डोकं दुखतं, आणि एवढं लहान मूल काय दुखतंय ते सांगू शकत नाही. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी आधीच सावध केलं होतं. मॅनेजरनं नकाशा उघडला आणि सांगितलं, “ताई, तुम्ही मधल्या ट्र्युबझेला उतरा. तळं आहे, मुलांना खेळायला जागा आहे. दोन वाजता आम्ही खाली येताना तुम्हाला घेतो.” ट्र्युबझे १,७९६ मीटरवर. ग्रुप फिरत्या केबल कारनं बर्फात गेला आणि या दोघी तळ्याकाठी राहिल्या. मुलीनं दगड पाण्यात टाकले, वाळूत बसली, गाईंच्या गळ्यातल्या घंटा ऐकल्या. शिखर राहिलं, दिवस मात्र पूर्ण मिळाला.

ल्युसर्नमध्येही तसंच. १९९३ च्या आगीनंतर पुन्हा उभा केलेला लाकडी चॅपल पूल, १८२१ चा कड्यात कोरलेला मरणासन्न सिंह, सगळं पाहायला गाइडबरोबर ठरावीक वेळ. आईनं सिंह पाहिला, पुलावरून गेली आणि खरेदीच्या मोकळ्या वेळात नदीकाठच्या हंसांपाशी बसली. लेकीला सहलीतलं आजही आठवतं ते हंस.

या साऱ्यातून एक निष्कर्ष निघतो. मार्गदर्शित सहल एकट्या पालकाला खरोखर जमते, कारण वाट, तिकीट, सामान आणि रांगा ती सांभाळते. मुलाची झोप, जेवण आणि कागद ती सांभाळू शकत नाही. ते आधीच हातात असावे लागतात. म्हणून पैसे भरण्यापूर्वी विचारा: एका मोठ्या माणसाबरोबरच्या मुलाचा दर काय, रोजचा बसप्रवास किती तासांचा, जेवण किती वाजता, आणि मूल जिथे जाऊ शकत नाही तिथे पालकाला थांबायला जागा कोणती? आणि सहल कंपन्यांना एक विनंती: दरपत्रकात जोडप्यांच्या रकान्याशेजारी ‘एक पालक, एक मूल’ असाही एक रकाना छापा. अशी कुटुंबं तुमच्या दारात येत आहेत, त्यांना फोन करून विचारावं लागू नये.