विहीर ओतली, पेला उरला
ॲनालॉग टेलिफोनच्या काळात लाइन तपासणारे लोक वहीत फार साधे आकडे लिहीत. इथे ६०, तिथे ९०. प्रगतिपुस्तकात शोभतील असे! पण हे आकडे डेसिबलमधले, आणि डेसिबल हे माप मोठं लबाड. दर १० डेसिबलला ते एक शून्य गिळतं. १० म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट, ६० म्हणजे थेट दहा लाखपट. एवढं ध्यानात ठेवा आणि चला.

सुरुवात एका मिलिवॅटपासून. लाइनच्या एका टोकाला एक मिलिवॅटचा सूर सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला त्यातला किती पोचला ते मोजायचं, ही तपासणीची जुनी रीत. मिलिवॅट केवढा? शेतातला ५ हॉर्सपॉवरचा पंप जेवढ्या विजेवर चालतो, तेवढ्यात असे ३७ लाख सूर एकदम वाजतील. १२,००० हॉर्सपॉवरचं मालगाडीचं इंजिन घेतलंत, तर ९०० कोटी!

आणि लाइनवरची खरखर? अमेरिकेतल्या टेलिफोन इंजिनिअरांनी तिचं शून्य धरलं मिलिवॅटच्या शंभर कोटीव्या भागावर. मुंबई ते पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा. तो सगळा मार्ग म्हणजे एक मिलिवॅट मानला, तर खरखरीची मोजणी सुरू होते ०.१९ मिलिमीटरपासून. दोन-तीन केस शेजारी शेजारी ठेवा, झालं. बोरीबंदरपासून पुण्यापर्यंतच्या रुळांवर तीन केस शोधायचे, आणि तेही मोजून!

डेसिबल येण्याआधीचं माप तर आणखी गमतीचं होतं. वाटेत होणारं सुराचं नुकसान मैलांत मोजायचे: एका ठरावीक जातीच्या, ‘स्टँडर्ड’ केबलच्या मैलांत. १९२० च्या दशकात बेल कंपनीच्या इंजिनिअरांनी ते सोडून नवं एकक घेतलं आणि १९२८ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या नावावरून त्याला डेसिबल म्हटलं. जुना एक मैल म्हणजे जवळजवळ एक डेसिबल. आता ही स्टँडर्ड केबल मुंबईहून पुण्याला टाका, मध्ये कुठेही जोर न देता. नुकसान सुमारे ११३ डेसिबल. म्हणजे मुंबईत २०,००० कोटी रुपये भरायचे आणि पुण्यात हातावर एक रुपया घ्यायचा. लोणावळ्याची चिक्कीही येणार नाही त्यात.

पण मुंबई-पुणे ही कसली कसोटी? अटलांटिक घ्या. २५ सप्टेंबर १९५६ ला स्कॉटलंडमधलं ओबन आणि न्यूफाउंडलंडमधलं क्लॅरनव्हिल यांना जोडणारी टॅट-१ ही टेलिफोन केबल सुरू झाली. जायला एक, यायला एक, अशा दोन केबली. प्रत्येकीत ५१ रिपीटर, म्हणजे दमलेल्या संदेशाला पुन्हा जोर देणारी यंत्रं. दोन रिपीटरांतलं अंतर साधारण ७० किलोमीटर. सीएसएमटीहून लोकलनं बदलापूर गाठा, तेवढंच. आणि सर्वांत वरच्या कंप्रतेला या एका टप्प्यातलं नुकसान? सुमारे ६० डेसिबल!

सहा मीटर व्यासाची विहीर घ्या, दहा मीटर पाणी असलेली. २ लाख ८० हजार लिटर. ती अख्खी सीएसएमटीला ओतली, तर बदलापूरला पोचेल एक पेलाभर. तो पेला पुढच्या टप्प्यात ओता, उरेल थेंबाचा पावणेदोनशेवा भाग. असंच ओतत राहा. पाचव्या टप्प्यानंतर पाण्याचे रेणू उरतात सुमारे नऊ. हो, नऊ! सहाव्यात विहीर संपली.

बरं, विहीर लहान पडली म्हणू. पृथ्वीवरचे सगळे महासागर ओता. आठव्या टप्प्यात तेही खलास! मग दिसणाऱ्या विश्वातले सगळे अणू मोजून घ्या. शास्त्रज्ञ म्हणतात, एकावर ८० शून्यं. आपण मानून घेऊ. चौदाव्या टप्प्यात विश्व संपलं. विश्व संपलं, आणि केबल अजून पाव-सव्वा पावच झाली आहे! एकूण नुकसान ३,००० डेसिबलांच्या वर. एकावर तीनशेहून जास्त शून्यं. सेकंदाला एक लिहीत बसलात, तरी पाच मिनिटं नुसती शून्यंच.

आता ते ५१ रिपीटर दर टप्प्याला पेल्याची पुन्हा विहीर करतात. नेमकी विहीर, बरं का. माझ्या मते खरी करामत या नेमकेपणात आहे. प्रत्येक रिपीटरनं फक्त एक डेसिबल जास्त दिला, तर अखेरीस एका रुपयाचे सव्वा लाख होतात आणि बोलण्याचा नुसता कल्ला. एकेक डेसिबल कमी दिला, तर सव्वा लाखाचा एक रुपया. म्हणून जहाजावरून केबल सोडतानाच तिची मोजणी चालू होती, आणि चूक साचू नये म्हणून मध्ये मध्ये दुरुस्तीचे तुकडे जोडले जात होते. हे सगळं काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबांच्या भरवशावर. समुद्राच्या तळाशी अशा ३०६ ट्यूब होत्या.

पहिल्या चोवीस तासांत लंडनहून अमेरिकेला ५८८ आणि कॅनडाला ११९ कॉल झाले. तीन मिनिटांना ३ पौंड, तेव्हाचे ४० रुपये. १९७८ मध्ये केबल निवृत्त झाली, तोवर ३०६ पैकी बिघडलेल्या ट्यूब किती? शून्य.